बेने इस्राएलांचा आहारनियम आणि बाजारचे आइस्क्रीम

कोकणातील बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, यावरून त्यांस ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. त्यांची दुसरी खूण मासळीच्या टोपलीत होती. दाविद रहाबी याने स्त्रियांपुढे मिश्र मासळी ठेवली असता त्यांनी पर व खवले असलेली तेवढीच निवडली, अशी परंपरा आहे. रहाबीच्या काळाविषयी मतभेद असले तरी कथेतील एक गोष्ट मार्मिक आहे: येथे धर्मनियमाची कसोटी डोळ्यांनी लावता येत होती.

आइस्क्रीमच्या बाबतीत डोळा निरुपयोगी ठरतो. जिलेटिन प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून होते, तर लाल रंग कधी किड्यांपासून काढलेला असतो. दोन्ही वितळून एकजीव झालेली असतात. मीरा-भाईंदरच्या दुकानात आइस्क्रीम घेणाऱ्या बेने इस्राएल ग्राहकास याचे उत्तर मिळते ते वेष्टनावरील हिरव्या ठिपक्यातून. शाकाहारी खाद्यावर ही खूण कायद्याने आवश्यक आहे. ती ज्यूंसाठी योजिलेली नव्हे; तरी तिने जिलेटिन व किडा दोन्ही वर्ज्य होतात आणि दूध मात्र राहते. दूध गाईचे असो वा म्हशीचे, दोन्ही प्राणी ज्यू नियमास मान्य आहेत. अंडे मात्र त्या नियमात निषिद्ध नसता येथे विनाकारण गळते. जैन वस्ती मोठी असलेल्या भाईंदरात अशा मालाचा तुटवडा पडण्याचे कारण नाही. एका अल्पसंख्य समाजाचे व्रत दुसऱ्याच्या कटाक्षावर असे विसंबते. अर्थात, दुधावर व यंत्रांवर ज्यू देखरेख हवी असे मानणाऱ्या कर्मठांचे समाधान ठिपक्याने होणार नाही.

खरी अडचण याहून वेगळी आहे. मांस व दूध एकत्र न खाण्याचा दंडक असल्याने मांसाहारानंतर दुग्धपदार्थ खाण्यापूर्वी थांबावे लागते. निरनिराळ्या ज्यू समाजांत ही मुदत एक, तीन वा सहा तासांची आहे. ठिपका पदार्थाचे घटक सांगतो, जेवणाची वेळ सांगत नाही. हा प्रश्न कोकणी स्वयंपाकघराने पूर्वीच सोडविला होता. रोश हशानाचा हलवा गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालून होतो. तो मटणाच्या जेवणावरही निःशंक वाढता येतो. कित्येक घरी त्यास घट्टपणा आणावयास चायना ग्रास वापरतात, आणि ते तर समुद्रशेवाळापासूनचे!

बाजारात मात्र नारळाचे नाव फसवे ठरू शकते. शहाळ्याच्या प्रचलित आइस्क्रीममध्ये मलईबरोबर गाई-म्हशींचे दूधही असते. ‘फ्रोझन डेझर्ट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थात स्निग्धांश वनस्पतिजन्य असला तरी दुधातील घन अंश बहुधा असतातच. तेव्हा मटण खाऊन आलेल्या ग्राहकाने हिरव्या ठिपक्यावर न थांबता घटकांची बारीक अक्षरांतील यादी वाचावी लागते. सुट्या आइस्क्रीमला तर वेष्टनच नसते. तेथे त्याने दुकानदारास विचारावयाचे.