पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग: बीज आणि भूमि



माझे एक स्नेही शाळेंत भूगोल शिकवीत असत. निवृत्तीनंतर त्यांची कंबर दुखूं लागली, तेव्हां तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहिल्याचें हें फळ, असें म्हणून त्यांनीं तें दुखणें अंगावर काढलें. लघवीची तक्रारही होती. परंतु ती घरांत सांगण्याचा त्यांना संकोच वाटला. अखेर निदान झालें तें पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजे डॉक्टर जिला प्रॉस्टेट म्हणतात तिच्या, कर्करोगाचें; आणि तोंवर रोग पाठीच्या कण्यांत जाऊन बसला होता. अंथरुणावरून त्यांनीं मला विचारलें, "मास्तर, ग्रंथि मूत्राशयाखालीं आणि दुखणें कण्यांत, हा प्रवास झाला तरी कोणत्या वाटेनें?" त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें जें वाचलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

सूक्ष्मदर्शकानें निश्चित केलेलें या रोगाचें पहिलें वर्णन १८५३ सालीं लंडन हॉस्पिटलमधील शस्त्रवैद्य जॉन अ‍ॅडम्स यांनीं प्रसिद्ध केलें. हा रोग अतिशय दुर्मिळ आहे, असें त्यांचें मत होतें. त्यांत नवल नाहीं. त्या काळीं वार्धक्यापर्यंत पोंचणारे पुरुष थोडे, आणि ग्रंथीची साधी वाढ व कर्करोग यांतील भेद ओळखण्याचीं साधनेंही तोकडीं होतीं. आज जगांतील पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक वरचा आहे.

रोग शरीरांत पसरतो कसा, याचा विचार १८८९ सालीं लंडनच्याच स्टीफन पॅजेट यांनीं केला. स्तनाच्या कर्करोगानें मृत्यु पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी त्यांनीं तपासल्या. रक्त तर प्लीहेंतही जातें व यकृतांतही. पण रोगाच्या गांठी यकृतांत पुष्कळ आणि प्लीहेंत अगदीं थोड्या! यावरून त्यांनीं म्हटलें कीं, बीं वाऱ्यानें दाही दिशांस उडतें, पण रुजतें मात्र मानवेल त्या भूमींतच. १९२८ सालीं न्यूयॉर्कचे जेम्स यूइंग यांनीं याच्या उलट प्रतिपादन केलें: रक्तवाहिन्या नेतील तिकडे रोग जातो, भूमीचा प्रश्नच नाहीं.

माझ्या स्नेह्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर १९४० सालीं फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅट्सन यांनीं दिलें. त्यांनीं मृतदेहांच्या शिरांत क्ष-किरणांत दिसणारें द्रव्य सोडून पाहिलें. ओटीपोटांतील शिरा कण्याभोंवतालच्या शिरांच्या जाळ्याला मिळालेल्या आढळल्या. या जाळ्यांतील शिरांना झडपा नसतात. खोकतांना किंवा कुंथतांना पोटांतील दाब वाढला कीं रक्त कण्याकडे वळतें. वाट सांपडली! पण गांवाला रस्ता असणें आणि गांवांत बिऱ्हाड मिळणें या गोष्टी भिन्न आहेत.

पुढच्याच वर्षीं, १९४१ सालीं, शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनीं असें दाखविलें कीं, पुरुषांतील अंतःस्राव बंद केला असतां हा रोग मागें हटतो. त्याबद्दल त्यांना १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रोग हटला, तरी कालांतरानें तो बहुधा पुन्हा उसळे.

उरलेलें अर्धें उत्तर पेशीच्या आवरणावर लिहिलेलें होतें. १९७२ सालीं सिंगर व निकोल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं या आवरणाचें चित्र मांडलें: स्निग्ध पदार्थांचा दुहेरी पातळ पडदा, आणि त्यांत तरंगणारीं प्रथिनें. कांहीं प्रथिनें शेजाऱ्याचा हात धरतात, कांहीं जमीन पकडतात, कांहीं दुरून आलेली हांक ऐकतात.

हात धरणारें प्रथिन म्हणजे कॅडहेरिन. जपानमधील क्योटो येथील मासातोशी ताकेइची यांनीं तें शोधून १९८४ सालीं त्याला हें नांव दिलें. कॅल्शियम असेल तरच त्याची पकड टिकते. १९९२ सालीं नेदरलंड्समधील संशोधकांनीं पुरःस्थ ग्रंथीच्या गांठी तपासल्या, तेव्हां गांठ जितकी उग्र तितकें त्यांतील कॅडहेरिन उणावलेलें दिसलें. शेजाऱ्याचा हात सुटला कीं पेशी भटकावयास मोकळी होते. नव्या ठिकाणीं जमीन पकडण्यास तिला इंटिग्रिन नांवाचीं प्रथिनें उपयोगीं पडतात. आणि हाडांचीच ओढ कां? आपल्या मज्जेंतून एक रासायनिक हांक सतत निघत असते. रक्ताच्या मूळ पेशी ती ऐकून तेथें राहतात. २००२ सालीं मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, या कर्करोगाच्या पेशींच्या आवरणावरही ती हांक ऐकणारें प्रथिन असतें. घरच्या माणसांसाठीं घातलेली साद चोरानेंही ऐकावी, तसाच हा प्रकार! पॅजेटची भूमि खरी, आणि बॅट्सनची वाटही खरी.

याच आवरणावरील दुसऱ्या एका प्रथिनानें उपचाराचें दार उघडलें. १९८७ सालीं अमेरिकेंतील बफेलो येथें त्याला ओळखणारें प्रतिद्रव्य तयार झालें. १९९६ सालीं रोग शोधण्यासाठीं त्याला मान्यताही मिळाली. परंतु तें प्रतिद्रव्य प्रथिनाचा पेशीच्या आंतला भाग पकडी, त्यामुळें जिवंत पेशीपाशीं त्याचें फारसें चालेना. कुलूप आंत आणि किल्ली बाहेर! पुढें बाहेरच्या भागाला चिकटणारीं द्रव्यें निघालीं. अशाच एका द्रव्याला किरणोत्सर्गी लुटेशियम जोडून केलेल्या औषधाला २०२२ सालीं अमेरिकेनें मान्यता दिली. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टींतही असें लुटेशियम तयार करण्यांत आलें आहे.

मात्र भ्रम नको. ज्या परीक्षेवर ती मान्यता आधारली, तींत ८३१ रोगी होते. नेहमींच्या उपचारांनीं मध्यम आयुर्मान ११.३ महिने होतें, तें या औषधाच्या जोडीनें १५.३ महिने झालें. चार महिने! सव्वाशेंहून अधिक वर्षांच्या शोधाचें हें फळ थोडें वाटेल. ज्याच्या घरीं तो माणूस आहे, त्याला तें थोडें वाटणार नाहीं. परंतु बीं ग्रंथींतच असतांना तें सांपडलें, तर महिन्यांचा हिशेब करण्याची वेळ बहुधा येत नाहीं.

माझे स्नेही आतां नाहींत. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. पण तें त्यांना सांगतां येत नाहीं. म्हणून आपणांस सांगतों. घरांतील वडील माणूस रात्रीं वारंवार उठत असेल, कंबर धरून बसत असेल, तर प्रत्येक वेळीं तो हाच रोग असतो असें नाहीं. वयाचाच दोष असणें अधिक संभवतें. तथापि तें ठरवूं द्यावें डॉक्टरांना, आपल्या संकोचाला नव्हे.