सार्थ अंक व वैज्ञानिक अंकलेखन (स्क्रिप्टमधील वापर)

सार्थ अंक म्हणजे मोजमापातून आलेल्या संख्येतील खात्रीचे अंक आणि त्यांच्यामागचा एक अंदाजाचा अंक. वैज्ञानिक अंकलेखनात संख्या दोन भागांच्या गुणाकाराने लिहितात: १ किंवा त्याहून मोठा पण १० पेक्षा लहान सहगुणक, आणि १० चा घात. ४२,४०,००० असे लिहिल्यास शेवटच्या शून्यांपैकी किती मोजलेली आहेत हे कळत नाही. ४.२४ × १०^६ असे लिहिले की तीन अंक सार्थ आहेत हे स्पष्ट होते. (या लेखात ^ हे चिन्ह घातांक दर्शवते.) संगणकाला मात्र हा भेद माहीत नसतो, मोजमाप कितीही ढोबळ असले तरी छोटी स्क्रिप्ट उत्तराचे पंधरा-सोळा अंक छापू शकते.

पाण्याच्या ताळेबंदाचे उदाहरण

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर हा अवर्षणप्रवण तालुका आहे. तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोट विकासाची कामे झाली. शेजारच्या नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पडलेल्या पावसावरून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि कोणती पिके घ्यायची ते त्यावरून ठरवतात. अशा ताळेबंदाची आकडेमोड काही ओळींच्या स्क्रिप्टने करता येते.

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. हा गुणक एककांच्या व्याख्येतूनच येत असल्याने त्याला सार्थ अंकांची मर्यादा नसते. समजा, गावाचे क्षेत्र ९८२ हेक्टर आणि वर्षाचा पाऊस ४३१.६ मिलिमीटर आहे. गुणाकार ४२,३८,३१२ घनमीटर येतो. गुणाकार-भागाकारात ज्या संख्येचे सार्थ अंक सर्वांत कमी, तेवढेच उत्तरात ठेवतात. क्षेत्राचे अंक तीन, म्हणून उत्तर ४.२४ × १०^६ घनमीटर. हेही उदारच म्हणावे लागेल, कारण एका पर्जन्यमापकावरचा पाऊस साऱ्या शिवारावर सारखाच पडला, असे यात गृहीत धरलेले असते.

बेरीज-वजाबाकीचा नियम वेगळा आहे. तेथे सार्थ अंकांची संख्या न पाहता शेवटचा विश्वसनीय अंक कोणत्या स्थानी आहे ते पाहतात. बाष्पीभवन, वाहून जाणारे पाणी, पिण्याचे पाणी आणि रब्बीची गरज मिळून ४.१५ × १०^६ घनमीटर खर्च धरला, तर शिल्लक ९ × १०^४ घनमीटर उरते. तिन्हींपैकी एकच सार्थ अंक हाती राहतो. स्क्रिप्ट मात्र ८८,३१२ छापते. दोन्ही संख्यांच्या शेवटच्या अंकात एकाचा फरक असला तरी शिल्लक ७ × १०^४ ते ११ × १०^४ यांदरम्यान कोठेही असू शकते. बाष्पीभवनाचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकला, तर शिल्लक आहे की तूट, हेही सांगता येत नाही. उन्हाळी पीक घ्यावे की नाही हा निर्णय याच आकड्यावर अवलंबून असल्याने, ८८,३१२ हा नेमका दिसणारा आकडा फलकावर लिहिणे ढोबळ आकडा लिहिण्यापेक्षा अधिक दिशाभूल करणारे आहे.

छपाई आणि हरवणारी शून्ये

मधल्या पायऱ्यांवर अंक कापू नयेत. पूर्ण अचूकतेने हिशेब करून केवळ शेवटी छापताना अंक मर्यादित करावेत. येथे एक नेहमीचा सापळा आहे. वरील ४२,३८,३१२ घनमीटर टीएमसीत (१ टीएमसी म्हणजे सुमारे २.८३२ × १०^७ घनमीटर) आणल्यास ०.१४९६७… येते. तीन सार्थ अंकांत ते ०.१५० असायला हवे. पायथनमधील राउंड हे फंक्शन तीन दशांश स्थळे मागूनही ०.१५ दाखवते, कारण संख्येच्या द्विमान साठवणीत शेवटच्या शून्याला अस्तित्व नसते. छपाईच्या ‘जी’ या साच्यातही ते शून्य गळते. ‘ई’ हा साचा दोन दशांशांसह वापरल्यास ते टिकते; त्यात ‘ई’ या अक्षरानंतर १० चा घातांक येतो. जावास्क्रिप्टमधील टूप्रिसिजन ही पद्धतही शून्य राखते.

पायथनचे राउंड बरोबर मध्यावरच्या संख्येसाठी सम अंक निवडते, त्यामुळे २.५ चे २ होतात. प्रचलित स्प्रेडशीटमधील त्याच नावाचे सूत्र ३ देते. दोन ठिकाणचे हिशेब जुळत नसतील तर आधी हे तपासावे. ऑक ही आज्ञावली अपूर्णांक छापताना मुळात सहाच सार्थ अंक दाखवते. बीसीमध्ये भागाकाराचे उत्तर मर्यादेपुढे नुसते छाटले जाते, जवळच्या अंकाकडे नेले जात नाही. बॅशच्या अंकगणितात तर अपूर्णांकच नाहीत.

देवनागरी अंक आणि स्वल्पविराम

मराठी नोंदींसाठी हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. देवनागरीत लिहिलेला ४३१.६ हा मजकूर पायथन थेट संख्येत रूपांतरित करते. ऑक त्याचे मूल्य शून्य धरते आणि कोणतीही सूचना देत नाही, त्यामुळे पावसाची बेरीज गुपचूप कमी येते. अंक आंतरराष्ट्रीय (इंग्रजी) असले तरी लाख-कोटींचे स्वल्पविराम राहिल्यास ऑक पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते आणि बेचाळीस लाखांचे नुसते बेचाळीस उरतात. पायथन अशा वेळी त्रुटी दाखवून थांबते, हे बरे. नोंदी वाचण्यापूर्वी स्वल्पविराम काढणे आणि अंक एका लिपीत आणणे हा सुरक्षित मार्ग होय.

अतिलहान संख्या

पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. रेडिओ खगोलशास्त्रातील जान्स्की हे एकक म्हणजे दर चौरस मीटर, दर हर्ट्झ १०^-२६ वॅट. साध्या दशांशात ते लिहायचे तर १ च्या आधी दशांश चिन्हापुढे २५ शून्ये द्यावी लागतील. अशी संख्या पाच दशांश स्थळांत छापणारी स्क्रिप्ट ०.००००० दाखवते, जरी संगणकाच्या स्मृतीत तिचे सर्व सार्थ अंक शाबूत असले तरी.