उशीखालची पोळी

मी बालगृहात समुपदेशक म्हणून रुजू झाले तेव्हा जुने कर्मचारी अजून ‘रिमांड होम’च म्हणत. मुंबईत बालकांचा कायदा १९२४ सालचा. १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी उभी राहिली. मुलाला तुरुंगाऐवजी छप्पर, जेवण, हाताला काम मिळावं, हा मोठाच विचार होता. मनाचा विचार मागाहून आला. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय १९३६ चं. पुढच्याच वर्षी तिथं बालमार्गदर्शन केंद्र निघालं. देशातलं ते पहिलं मानतात.

आमच्याकडचा दहा वर्षांचा एक मुलगा रोज रात्री उशीखाली अर्धी पोळी ठेवायचा. गादीला मुंग्या लागायच्या, मावशी ओरडायच्या. नोंदवहीत शेरा होता : ‘चोरीची सवय’. चोरी कसली! उद्या मिळेल याचा भरवसाच त्याला कधी कुणी दिला नव्हता. मी त्याला झाकणाचा डबा दिला. पोळी त्यात ठेव, कुणी काढणार नाही, म्हटलं. महिन्याभरानं डबा रिकामा राहू लागला. मग एका दुपारी तो आपणहून आईबद्दल बोलला.

समुपदेशकाचं पद आता बालगृहांच्या नियमांत आहे. माझं कंत्राटी होतं. अकरा महिन्यांत मुदत संपली. ही पदं कायम करा. मुलांना रोज तोच चेहरा दिसला पाहिजे.