हा तोच डबा का? फॅमिकॉमची वीस वर्षं आणि आपला टीव्ही गेम

विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस सत्तरी ओलांडल्यावर व्हिडिओ गेमवर काय बोलणार? त्याचं असं झालं. आमच्या नांदेडच्या घरातला माळा आवरताना मुलाचा जुना टीव्ही गेम सापडला. नव्वदच्या दशकात वजिराबादेतून आणलेला. तीन-चार वर्षांनी लातूरला आमच्या धाकट्या भावानं त्याच्या लेकरांसाठी गंजगोलाईतून तसाच एक घेतला होता, तोही त्यानं जपून ठेवलेला निघाला. दोन्ही शेजारी ठेवले तर कुठला कुणाचा ते ओळखू येईना. तेच पांढरट प्लास्टिक, तीच लाल बटणं, कॅसेट खोचायची तीच खाच.

मग ते उघडले. नांदेडच्या डब्यात हिरव्या बोर्डावर दोन मोठ्या आयसी आणि भोवती लहान-मोठ्या पाच-सहा. लातूरच्या डब्यात तळहाताएवढी पट्टी, आणि तिच्यावर डांबराचा वाळलेला थेंब पडावा तसा एक काळा ठिपका. बाकी डबा रिकामाच. आमचा नातू बघत होता. तो म्हणाला, "आजोबा, हे दोन्ही डुप्लिकेट आहेत. ओरिजिनल जपानचा असतो."

आम्ही त्याला विचारलं, जपानचा कुठला?

कारण जपानचाही एक नव्हता. निन्टेंडो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी फॅमिली कॉम्प्युटर, म्हणजे फॅमिकॉम, बाजारात आणला. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली तो तयार झाला. आत रिको कंपनीच्या दोन मुख्य आयसी: एक हिशेब करणारी आणि आवाज काढणारी, दुसरी चित्र काढणारी. कामाची स्मृती २ किलोबाइट. आमच्या या व्याख्यानाचा मजकूरसुद्धा त्यात मावणार नाही.

आता पहिल्या खेपेची कथा ऐका. रिमोटवरची दोन बटणं (आपली लेकरं त्याला रिमोटच म्हणायची) चौकोनी, मऊ रबराची होती. कोपऱ्यावर दाबलं की आत अडकून बसायची. ती जाऊन गोल, कडक बटणं आली. त्याहून मोठी अडचण आतली होती. काही यंत्रं खेळता खेळता गोठायची. कंपनीनं माल परत मागवून आतले बोर्ड बदलून दिले. अगदी सुरुवातीच्या आयसीत खरखरीच्या आवाजाचा एक प्रकार निघतच नव्हता. पुढच्या आवृत्तीत तो निघायला लागला. म्हणजे १९८३च्या उन्हाळ्यात पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून घेतलेला डबा आणि दोन वर्षांनी घेतलेला डबा, नाव एक, रंग एक, आणि आत बोर्ड निराळा, आयसी निराळी, बटणंही निराळी.

अमेरिकेत तर रूपच पालटलं. १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये तो करड्या चौकोनी पेटीच्या रूपात आला. व्हीसीआरसारखी पुढून कॅसेट सरकवायची, मग खाली दाबायची. जपानी कॅसेटला ६० पिना, अमेरिकी कॅसेटला ७२. शिवाय एक कुलूप-आयसी बसवली. कॅसेटमधल्या जोडीदार आयसीशी तिचं जुळलं नाही की यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहायचं. पुढून सरकवायच्या त्या खाचेच्या पट्ट्या वापरून सैल पडत, आणि मग अमेरिकेतली पोरंसुद्धा आपल्या पोरांसारखीच कॅसेटमध्ये फुंकर मारत बसायची. फुंकर ही खरी विश्वव्यापी भाषा.

१९९३ साली दोन्हीकडे सुधारित आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेतली वरून कॅसेट घेणारी, कुलूप काढून टाकलेली, सुमारे ५० डॉलरची. गंमत बघा, तिच्यातून एव्हीच्या वायरी काढल्या आणि फक्त अँटेनाची जोडणी ठेवली. जपानमध्ये त्याच महिन्यांत नेमकं उलटं केलं. जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटमध्ये पूर्वी एक मायक्रोफोन असे, तोही गेला. 'झेल्डा' खेळात लांब कानांचा एक राक्षस आहे. जपानमध्ये मायक्रोफोनमध्ये ओरडलं की तो मरायचा. अमेरिकेच्या यंत्राला मायक्रोफोन कधी नव्हताच, पण तिथल्या माहितीपुस्तकात मात्र हा राक्षस मोठ्या आवाजाला घाबरतो हे वाक्य तसंच राहिलं. पोरं खेळातली बासरी वाजवून थकली! अवयव गेला आणि त्याची आठवण भाषेत उरली. आमच्या विषयात यावर दोन तास बोलता येईल, पण सोडा.

उत्पादन २००३ साली थांबलं. जगभर ६ कोटी १९ लाखांच्या आसपास यंत्रं खपली होती.

मग 'तोच' कोण? वेदान्तात एक घासून गुळगुळीत झालेलं उदाहरण आहे: सोऽयं देवदत्तः, हा तोच देवदत्त. तेव्हा काशीत पाहिलेला आणि आत्ता इथे दिसणारा. दोघांचा काळ वेगळा, जागा वेगळी, कदाचित पोटही वेगळं. तरी आपण 'तोच' म्हणतो, कारण विरोधी अंश सोडून देतो आणि उरलेलं धरतो. फॅमिकॉमच्या बाबतीत काय सोडायचं आणि काय धरायचं? बोर्ड सोडला, आयसी सोडली, बटणं सोडली, डब्याचा आकारसुद्धा सोडला. आम्हाला वाटतं उरतो तो कॅसेटला दिलेला शब्द: १९८५ साली लिहिलेला 'सुपर मारिओ' आत खोचला तर तो चालेल. हा शब्द जो पाळतो तो फॅमिकॉम.

आणि हा शब्द आपल्या डब्यानंही पाळला होता. भारतात निन्टेंडोचं यंत्र 'सामुराई' या नावानं विकलं गेलं, मग मीडिया कंपनीचा 'लिटल मास्टर' आला. नांदेड-लातूरच्या दुकानांत बहुतेक आली ती मात्र नावगाव नसलेली यंत्रं. त्यांच्या पोटात बऱ्याचदा तैवानच्या युनायटेड मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या आयसी असत. आमच्या नांदेडच्या डब्यात त्याच आहेत.

या तैवानी अभियंत्यांपुढे एक खरा प्रश्न होता. जपानचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा पडदा रंगवतो, आपला ५० वेळा. निन्टेंडोनं स्वतः युरोपसाठी जी ५० वाली आवृत्ती काढली तिच्यात हिशेब करणारी आयसी आणि चित्र काढणारी आयसी यांच्या वेगाचं प्रमाणच बदललं, म्हणून मूळ जपानी खेळ तिथे कधीकधी अडखळायचे. मारिओसारखे खेळ ५०च्या मानानं पुन्हा जुळवून दिले गेले. तैवानवाल्यांनी प्रमाणाला हात लावला नाही. जपानी चित्र २६२ ओळींच्या वेळेत पुरं व्हायचं, इथे ३१२ ओळींची वेळ भरायची होती. त्यांनी वरच्या ५० ओळींइतका वेळ यंत्राला नुसतं थांबायला लावलं. चित्र काढ, जरा थांब, मग पुढचं. बस्स. जपानी कॅसेटला कळतसुद्धा नाही की ती मराठवाड्यात आली आहे. याला नुसती नक्कल म्हणणं आम्हाला जड जातं.

पण त्या थांबण्याची किंमत होती. खेळ पावपट नाही, पण सहाव्या हिश्श्यानं मंद झाला. मारिओचा पहिला टप्पा ४०० आकड्यांचा असतो. प्रत्येक आकडा २४ चित्रांनी उतरतो. जपानमध्ये याचे १६० सेकंद होतात, आपल्याकडे १९२. आपल्या लेकरांना अर्ध्या मिनिटाची चैन! संगीताची पट्टी जवळपास तीच राहिली, लय मात्र विलंबित झाली. आणि त्या कंपनीच्या पुष्कळ आयसींत आवाजाच्या दोन प्रकारच्या लहरींची अदलाबदल झालेली होती, त्यामुळे स्वर तोच, पण गळा वेगळा. आमच्या घरात लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून जे वाजायचं ते असं होतं. दिवे गेले की आठव्या टप्प्यावरचा पोरगा पुन्हा पहिल्यावर, तो भाग निराळा.

आता लातूरच्या काळ्या थेंबाकडे येऊ. दोन मोठ्या आयसी आणि स्मृती, सगळं एकाच चकतीवर आणलं, आवरणसुद्धा न देता बोर्डावर चिकटवलं आणि वर रेझिन ओतलं. डबा स्वस्त झाला, लातूरच्या घराघरांत पोचला, हे खरंच. पण आम्हाला आठवतं, नांदेडचा डबा दोनदा बिघडला होता आणि दोन्ही वेळा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातल्या एका मेकॅनिकनं तो उघडून, बोट ठेवून, 'सर, ही आयसी गेलीये' असं सांगितलं होतं. एकदा दुसऱ्या मेलेल्या डब्यातली काढून बसवली. भावाचा डबा बंद पडला तेव्हा लातूरच्या मेकॅनिकनं अडॅप्टर तपासला, रिमोटची वायर तपासली, आणि झाकण लावून परत दिला. थेंबाला काय विचारणार? आमच्या दृष्टीनं वीस वर्षांतला सगळ्यात मोठा फरक हा आहे, आणि निन्टेंडोच्या आवृत्त्यांच्या कुठल्या यादीत तो येत नाही. फॅमिकॉमच्या इतिहासाचं शेवटचं प्रकरण क्योटोत लिहिलं गेलं नाही, ते अशा निनावी डब्यांत लिहिलं गेलं. त्यांचा कुणी संग्रह करत नाही, कारण ते डुप्लिकेट.

नातवाला आम्ही हे सगळं सांगितलं. त्याला फारसं पटलं नाही. मग दिवाळीला आमचा मुलगा आला. आता चाळिशी पार केलेला. नातवानं त्याच्या हातात आपलं नवीन यंत्र दिलं, कंपनीचा अधिकृत मारिओ, ६० वाला. मुलगा पहिल्या टप्प्यातल्या पहिल्या खड्ड्यात पडला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर म्हणाला, "हे फार पळतंय. आपला असा नव्हता."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वजिराबादेत नऊ व्होल्टचा अडॅप्टर बघायला गेलो.