साडेदहाला झोपणारी मुलगी : पाचवीच्या इंग्रजी वहीतून सुरू झालेलं संशोधन

पेट पास झालेल्या बऱ्याच जणांचा एकच प्रश्न येतो, "विषय कसा शोधायचा?" आज माझ्याच विषयाबद्दल लिहिते. पहिल्या वर्षी मी त्यात कशी तोंडावर आपटले, तेही सांगते. कारण खरं शिकणं तिथेच झालं.

माझा विषय आहे शाळेतल्या इंग्रजी व्याकरणाचा इतिहास, आणि ठिकाण आहे माझा तासगाव तालुका. त्यातला एक छोटा भाग म्हणजे दिनक्रमाचा धडा. "आय गेट अप ॲट सिक्स ओ'क्लॉक" हे वाक्य तुम्हीही लिहिलंच असेल.

आठवणीतून आलेलं गृहीतक

मी २००५ च्या सुमारास पाचवीत होते. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यातल्या सुरुवातीच्या मुलांपैकी आम्ही. सरांनी दिनक्रम लिहायला सांगितला. तेव्हा भारनियमन जोरात होतं. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की अण्णा उसाला दारं धरायला जायचे आणि बॅटरी धरायला मी. म्हणून मी लिहिलं, "लाईट कम ॲट इलेव्हन. आय गो टू फार्म." माझ्या आठवणीप्रमाणे सरांनी त्यावर लाल रेघ मारली.

या एका आठवणीवर मी आराखडा उभा केला. घड्याळाची वेळ इंग्रजांनी आणली, इंग्रजीच्या तासाने ती पोरांच्या डोक्यात भरली आणि गावाचा दिवस वहीतून पुसला गेला, असा तो युक्तिवाद. ऐकायला झकास वाटतो ना? मलाही वाटला होता. गाईड मॅडमनी शांतपणे विचारलं, "पुरावा?"

पहिली तडा : वेळ आधीपासून मोजली जात होती

मी कागद शोधायला लागले. इथे एक उपयोगी गोष्ट सांगते. पटवर्धनांची तासगावची जहागीर १८४८ साली खालसा झाली, पण सांगली आणि मिरज संस्थानंच राहिली. त्यामुळे तासगावच्या सरकारी शाळांचे कागद संस्थानच्या दप्तरात शोधून सापडणार नाहीत. १८५५ पासूनच्या मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याकडे बघावं लागतं, तेही सातारा जिल्ह्याखाली. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा १९४९ साली झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. जिल्ह्याच्या आजच्या नावाने शोधाल तर हात हलवत परत याल.

वेळेबद्दल वाचताना कळलं की घड्याळाआधीचं गाव काही वेळेशिवाय जगत नव्हतं. दिवसाच्या साठ घटका, एक घटका म्हणजे २४ मिनिटं, तीन तासांचा एक प्रहर. मुहूर्तासाठी पाण्यात घटिकापात्र सोडायचं. मोजणी काटेकोर होती, फक्त ती सूर्योदयापासून सुरू व्हायची. उलट इंग्रजांचीच वेळ एक नव्हती. रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, तरी तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली मुंबईची वेळ त्या शहरात १९५५ पर्यंत वापरात राहिली. म्हणजे "किती वाजले?" या प्रश्नाला मुंबईत दोन खरी उत्तरं होती. "लादलं" या एका शब्दात हे बसत नाही.

दुसरी तडा : भाषाच वेगळं सांगत होती

मराठीत "सहा वाजले" म्हणतो, म्हणजे घंटा वाजली. इंग्रजीतला "क्लॉक" हा शब्दही मुळात घंटेच्याच लॅटिन शब्दावरून आलेला आहे. "ओ'क्लॉक" म्हणजे "घड्याळाप्रमाणे". सूर्याप्रमाणे नव्हे, हे इंग्रजांनाही एके काळी मुद्दाम सांगावं लागत होतं!

मग मुलं अडतात कुठे? आपण "सहाला", "सकाळी", "सोमवारी" म्हणतो, म्हणजे शब्दाचं शेपूट बदलतो. इंग्रजीत शब्दाच्या आधी ॲट, इन, ऑन असे तीन वेगळे शब्द लागतात. "सहा वाजले"मध्ये वाजणारे सहा आहेत. "इट इज सिक्स"मधला "इट" कोण, हे पोराला कळत नाही. "मी उठतो" आणि "मी उठते" यांत फरक करायची आपल्याला सवय. इंग्रजीला स्त्री-पुरुषाचं काही पडलेलं नाही, पण "ती उठते" म्हटलं की क्रियापदाला "एस" हवाच. शिवाय "मी येतो" म्हणजे रोज येतो की आत्ता निघतो? मराठीत दोन्ही चालतं, इंग्रजीत रूप बदलतं.

रोजची कामं पोराला माहीत असतात, त्यामुळे सगळं लक्ष या अडचणींवर देता येतं. दिनक्रमाच्या धड्याचा हा खरा उपयोग. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत वाक्याचं भाषांतर करत शिकायचं होतं. पुढे हॅरॉल्ड पामर, ए. एस. हॉर्नबी यांच्या विचारातून एकेक रचना प्रसंगाला जोडून शिकवायची पद्धत आली. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांत जो प्रयोग केला, त्यात व्याकरण न सांगता घड्याळाचे काटे, शाळेचं आणि रेल्वेचं वेळापत्रक अशी कोडी मुलांना सोडवायला दिली. घड्याळ तेच, पण आधी वाक्य घोटायचं की आधी डोकं चालवायचं, हा वाद.

आणि मग वही सापडली

दिवाळीत घरी गेले. आजीच्या ट्रंकेत बेदाण्याच्या जुन्या पावत्यांखाली पाचवीची वही निघाली. पान उघडलं. लाल रेघ नव्हतीच. सरांनी "कम"ला "एस" लावला होता, "फार्म"च्या आधी "द" घातला होता आणि शेजारी बरोबरची खूण केली होती. माझा दिवस सरांनी पुसलेला नव्हता, दुरुस्त केला होता.

चार पानं पुढे सहामाहीची तयारी होती. तिथे माझ्याच अक्षरात, "आय गो टू बेड ॲट हाफ पास्ट टेन." गाईडमधलं वाक्य. त्यात "हाफ पास्ट" होतं, म्हणजे मार्क जास्त. साडेदहाला झोपणारी ती मुलगी मीच तयार केली होती.

मी बराच वेळ तशीच बसले. प्रबंधाचं काय होणार, यापेक्षा जास्त लागलं ते हे, की वीस वर्षं मी एका चांगल्या शिक्षकावर मनातल्या मनात आरोप ठेवला होता.

आता माझा प्रश्न बदललाय. "गावाचा दिवस कोणी पुसला?" असं मी विचारत नाही. परीक्षेत कोणता दिवस लिहिणं फायद्याचं होतं आणि ते मुलांना कसं कळलं, हे शोधतेय. घड्याळ परकं होतं म्हणावं, तर रात्री अकराच्या लाईटची वेळ आमच्याइतकी कोण पाळत होतं?

तुमच्यासाठी तीन गोष्टी

एक, पाठ्यपुस्तकातून काय शिकवायचं ठरलं होतं ते कळतं, मुलं काय शिकली ते कळत नाही. त्यासाठी वह्या, शेरेबुकं, प्रश्नपत्रिका बघा.

दोन, आठवण हे साधन आहे, पण तिलाही दुसऱ्या कागदाशी ताडून बघा. स्वतःची असेल तर दुप्पट.

तीन, गृहीतक मोडलं तर घाबरू नका. माझं मोडलं तेव्हाच विषय सापडला.

आणि दिवाळीच्या साफसफाईत जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. त्यात काही सापडलं तर मला जरूर कळवा.