तोंडी सगळं येतं, पेपर मात्र कोरा : अध्ययन अक्षमता ओळखा, मोबाईलची मदत घ्या

‘तोंडी विचारलं तर सगळं सांगतो, पेपर मात्र कोरा ठेवतो.’ पालकसभेत ही तक्रार नेहमी ऐकू येते. घरी त्याचा अर्थ असा काढला जातो की पोरगा आळशी आहे, त्याचं अभ्यासात लक्ष नाही. मग ट्यूशन लागते, ओरडा बसतो, कधी मारही बसतो. सातवी-आठवीपर्यंत मूलच म्हणू लागतं, ‘अम्मी, मला शाळेत जायचं नाही.’ अशा मुलांपैकी काहींना विशिष्ट अध्ययन अक्षमता असते. ती ओळखता येते, तिच्यासाठी कायद्यात सवलती आहेत आणि घरातला साधा स्मार्टफोनही इथे बराच कामाला येतो.

अध्ययन अक्षमता म्हणजे काय?

या मुलांची बुद्धी इतरांसारखीच असते. अडचण असते ती अक्षर आणि आवाज, किंवा आकडा आणि संख्या यांची सांगड घालण्यात. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनात असेल तर डिसग्राफिया आणि गणितात असेल तर डिस्कॅल्क्युलिया म्हणतात. एकाच मुलात दोन किंवा तिन्ही असू शकतात.

वैद्यकशास्त्राला ही गोष्ट नवी नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात एका १४ वर्षांच्या हुशार मुलाबद्दल लिहिलं, ज्याला वाचता येत नव्हतं. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द १९६३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सॅम्युएल कर्क यांनी रूढ केला. आपल्याकडे घराघरांत हा विषय पोहोचला तो आमिर खानच्या २००७ च्या ‘तारे जमीं पर’मुळे. मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या ग्रंथानुसार शाळकरी वयातल्या ५ ते १५ टक्के मुलांमध्ये अशा अडचणी आढळतात. म्हणजे ४० मुलांच्या वर्गात निदान दोन मुलं धरायला हरकत नाही.

ही अक्षमता नजर लागल्याने येत नाही आणि आईवडिलांच्या चुकीनेही येत नाही. बऱ्याचदा ती घराण्यात चालत आलेली असते. ती गोळीने किंवा ताविजाने जात नाही. पण योग्य पद्धतीने शिकवलं तर मूल पुढे जातं.

एका दप्तरात चार लिप्या

महाराष्ट्रातल्या उर्दू माध्यमाच्या मुलासमोर एक जादा अडचण असते. शाळेत उर्दू, मराठी आणि इंग्रजी, तर संध्याकाळी मक्तबमध्ये अरबी. उर्दू-अरबी उजवीकडून डावीकडे, मराठी-इंग्रजी डावीकडून उजवीकडे. उर्दूत मजकूर उजवीकडून वाचायचा, पण त्यातलीच संख्या डावीकडून. बे, पे, ते, टे, से यांचा सांगाडा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा किंवा वरच्या छोट्या खुणेचा. शब्दात कुठे आलं यावर अक्षराचं रूपही बदलतं. कुरआनमध्ये जेर-जबर लिहिलेले असतात, रोजच्या उर्दूत ते अंदाजाने वाचावे लागतात. मराठीत ‘कि’ची वेलांटी आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी.

बहुतेक मुलं हे सगळं पचवतात. अध्ययन अक्षमता असलेलं मूल इथे अडकतं आणि घरचे म्हणतात, ‘भाषा जास्त झाल्या म्हणून होतंय.’ फरक ओळखायची सोपी खूण आहे. अडचण एकाच नव्या भाषेत असेल तर सराव कमी पडत असेल. पण घरची भाषा वाचतानाही तोच त्रास असेल आणि जादा मदत देऊनही सहा महिन्यांत फरक पडला नसेल, तर तपासणी करून घ्यावी.

कोणत्या गोष्टींकडे लक्ष ठेवावं?

- दुसरी-तिसरीनंतरही अक्षर-अक्षर जुळवत वाचणं, ओळ सुटणं, शब्द अंदाजाने म्हणणं
- भ-म, घ-ध, इंग्रजीतले बी-डी यांची वारंवार अदलाबदल
- फळ्यावरचं उतरवून घेताना सतत मागे पडणं
- एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहिणं
- साध्या बेरजेलाही बोटं मोजावी लागणं, २५ चे ५२ लिहिणं
- ऐकून समजतं, पण तेच वाचून समजत नाही

यातली एखादी खूण दिसली म्हणजे लगेच अक्षमता आहे असं नाही. आधी डोळे आणि कान तपासा.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातलीच एक. अशी मुलं लवकर ओळखणं ही शाळेची जबाबदारी असल्याचं कायदा सांगतो. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट, अशा सोयींचाही त्यात उल्लेख आहे. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेत या मुलांना १९९६ पासून सवलती मिळतात. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांनुसार लेखनिक घेण्यास पात्र विद्यार्थ्याला ताशी किमान २० मिनिटं जादा मिळायला हवीत.

सवलतीसाठी प्रमाणपत्र लागतं आणि ते अधिकृत सरकारी रुग्णालयातूनच घ्यावं लागतं. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालयांत अशी तपासणी होते. इतर जिल्ह्यांत जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१८ च्या नियमावलीप्रमाणे पहिलं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळत असे, पुढे १४ आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होत असे. दहावीचं वर्ष उजाडेपर्यंत थांबू नका, तपासणीला अनेक फेऱ्या लागतात. मूल कोणत्या माध्यमात शिकतं, घरी कोणती भाषा बोलतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. न येणाऱ्या भाषेत चाचणी झाली तर निष्कर्ष चुकू शकतो.

मुलीच्या बाबतीत ‘उद्या लग्नात अडचण येईल’ म्हणून प्रमाणपत्र टाळणारी कुटुंबं आहेत. पण त्या कागदाअभावी ती दहावीतच थांबली, तर नुकसान तिचंच आहे.

मोबाईल नेमका कसा वापरायचा?

इथे दोन कामं वेगळी धरावी लागतात. वाचायला शिकवणं हे शिक्षकाचं काम आहे. अक्षराचा आवाज, त्याचा आकार बोटाने वाळूत गिरवणं, शब्द तोडून जोडणं, हे रोज थोडं-थोडं चालूच ठेवावं लागतं. मात्र वाचन सुधारेपर्यंत विज्ञान, इतिहास, भूगोल मागे पडू नयेत म्हणून तंत्रज्ञान वापरायचं.

पुस्तक ऐकणं. बालभारतीची पुस्तकं उर्दूसह अनेक माध्यमांत पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. अँड्रॉइड फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ सुरू केलं की स्क्रीनवरचा मजकूर फोन वाचून दाखवतो. छापील पानासाठी गुगल लेन्स आहे. उर्दूची नस्तालीक लिपी यंत्राला ओळखायला अवघड जाते. तिथे जुना उपाय चांगला: मोठ्या बहिणीने किंवा आपाने धडा वाचून फोनवर रेकॉर्ड करून ठेवावा. मुलाने पुस्तकावर बोट ठेवून तो ऐकावा.

बोलून लिहिणं. जीबोर्ड कीबोर्डवर माईक दाबून मराठी आणि उर्दूतही बोलता येतं, अक्षरं आपोआप उमटतात. याचा आणखी एक फायदा आहे. परीक्षेत लेखनिकाला उत्तर सांगायचं असतं, त्याचा सराव घरी होतो.

वाचनाचा सराव. गुगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाने आणलेलं आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेलं साधन मूल मोठ्याने वाचत असताना ऐकतं आणि चुकलेला शब्द सांगतं. मायक्रोसॉफ्टच्या इमर्सिव्ह रीडरमध्ये अक्षरं मोठी आणि सुटी करता येतात, एका वेळी एकच ओळ दिसेल असंही करता येतं.

पुस्तकालय. छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केलं.

डिस्लेक्सियासाठी म्हणून खास फाँट विकले जातात, पण त्यांचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. अक्षर मोठं आणि ओळींमध्ये अंतर जास्त ठेवलं तरी बरंच काम होतं. फोन मुलाच्या हाती देऊन निघून जाऊ नका. २० मिनिटं, शेजारी कुणीतरी बसलेलं, आणि इतर अ‍ॅपच्या नोटिफिकेशन बंद, एवढं पाळा.

मक्तबमध्येही हेच

कायदा वाचताना अडखळणारं मूल कधीकधी ऐकून सूरह चटकन पाठ करतं. उस्तादांनी ही गोष्ट पालकांना सांगितली तर मूल लवकर ओळखलं जाईल. तिलावत चालू असताना तो-तो शब्द रंगाने उजळणारी अ‍ॅप आणि रंगीत तजवीदचे कुरआन उपलब्ध आहेत. सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावण्याऐवजी त्याला एकट्याने सबक ऐकवू द्या.

या आठवड्यात एवढं करून पाहा: मुलाला एक उतारा स्वतः वाचायला द्या, तेवढाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि दोन्हींवर प्रश्न विचारा. ऐकलेल्यावरची उत्तरं फारच चांगली आली तर दोन्ही वह्या घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि तपासणीसाठी शाळेचं पत्र मागा.