थांबलेल्या हृदयाची राखण

मनुष्याचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते, हे आपल्या शाळेतील मुले चटकन सांगतात. पण त्या हृदयाला स्वतःचे पोषण कोठून मिळते असे विचारले की, "आतल्या रक्तातून," असे उत्तर येते. ह्या उत्तराला हसण्याचे कारण नाही. थोर हकीम इब्न सिना यांचीही समजूत अशीच होती. इब्न अल-नफीस या वैद्याने 1242 मध्ये त्यांच्या ग्रंथावरील भाष्यात ती खोडून काढली आणि हृदयाचे पोषण त्याच्या स्वतःच्या मांसात पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून होते, असे स्पष्ट लिहिले. त्याच्या हस्तलिखिताकडे जगाचे लक्ष गेले ते 1924 मध्ये, तेही बर्लिनच्या ग्रंथालयात!

ह्या रोहिण्यांतील प्रवाह बंद पडला की त्या भागाचे स्नायू मरू लागतात. मग शस्त्रक्रियेसाठी हृदय उघडावयाचे आणि तेवढा वेळ त्याचा रक्तपुरवठा थांबवावयाचा, तर ते जिवंत कसे ठेवावे? ह्याचे पहिले उत्तर नाट्याच्या कोणत्याही मच्छीमाराला नवे वाटणार नाही : बर्फ. मासळी बर्फात टिकते, कारण थंडीत सर्व क्रिया मंदावतात. जिवंत शरीर थंड केले तर त्याला प्राणवायू कमी लागतो, हे कॅनडातील बिगेलो यांनी 1950 च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले. अमेरिकेत मिनिआपोलिस येथे 1952 मध्ये अशाच थंड केलेल्या मुलीच्या हृदयातील छिद्र बुजविण्यात आले. इंग्लंडमध्ये मेलरोज यांनी 1955 मध्ये पोटॅशियमच्या क्षाराने हृदय मुद्दाम थांबविले. आधी ह्या क्षाराचे प्रमाण जास्त झाल्याने स्नायूंनाच इजा होई. प्रमाण बेताचे करून ते थंड द्रावणात देण्याची रीत 1970 च्या दशकात रुळली.

आपल्याकडे हे काम कोठे झाले? परळच्या के. ई. एम. रुग्णालयात. कोकणातल्या घराघरात हे नाव ठाऊक आहे. दुखणे हाताबाहेर गेले की आपली माणसे मुंबईला, म्हणजे बहुधा तेथेच, जात आली. हे रुग्णालय 1926 मध्ये सुरू झाले. तेथील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी उदवाडिया, किनरे व परुळकर ह्या सहकाऱ्यांसह 1965 मध्ये एक विलक्षण कल्पना प्रसिद्ध केली. साप-सुसरींसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयभिंतीला आतल्या पोकळीतूनच थेट रक्त मिळते. मग माणसाची रोहिणी बंद पडली तर सुईने भिंतीत बारीक छिद्रे पाडून तसेच रक्त का पोचवू नये? म्हणजे पाहा, आमच्या मुलांचे ते "चुकीचे" उत्तर शास्त्रज्ञांनी मुद्दाम खरे करून पाहिले! पुढे परदेशात सुईच्या जागी लेसर किरण आले. पण पाडलेली छिद्रे लौकरच बुजतात असे दिसून आले, आणि त्या उपचाराचा खरा उपयोग किती, हा वाद राहिला. माझ्या मते अपयशी ठरलेल्या ह्या कल्पनेलाही आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळी मिळावयास हव्या होत्या.

डॉ. सेन यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते मात्र फेब्रुवारी 1968 मध्ये. बर्नार्ड यांनी 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाऊन येथे पहिले मानवी हृदयारोपण केले होते. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत सेन यांच्या पथकाने के. ई. एम. मध्ये एका माणसाचे हृदय दुसऱ्याला बसविले. माणसाचे हृदय माणसाला बसविण्याची ती जगातील सहावी आणि आशियातील पहिली शस्त्रक्रिया होय. रुग्ण काही तासच जगला. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत, असे मानणारा कायदा तेव्हा आपल्याकडे नव्हता. तो 1994 मध्ये झाला आणि त्याच वर्षी 3 ऑगस्टला दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयारोपण केले. काढलेले हृदय बर्फात ठेवले तरी साधारण चार तासांच्या आत ते बसवावे लागते, ही घाई आजही पुष्कळशी कायम आहे.

आता एक कोडे. अडलेले रक्त पुन्हा सोडले की सर्व ठीक व्हावे ना? परंतु 1960 मध्ये अमेरिकेत जेनिंग्ज यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले की, रक्त परत येताच काही पेशींची नासाडी झपाट्याने वाढते. उपाशी पेशीत कॅल्शियम घुसते, प्राणवायूपासून घातक कण तयार होतात, आणि ज्या सूक्ष्म भट्ट्यांत ऊर्जा तयार होते त्याच फुटतात. भेगाळलेल्या मळ्यात पाटाचे पाणी एकदम सोडले की बांध वाहून जातो, तसाच काहीसा हा प्रकार. म्हणून पाणी सोडूच नये असे मात्र नाही. रक्त परत आले नाही तर सगळाच स्नायू जातो.

1986 हे वर्ष ह्या दृष्टीने महत्त्वाचे. मरी, जेनिंग्ज व रायमर यांनी दाखविले की, पाच-पाच मिनिटे चार वेळा रक्त अडवून सोडले, तर नंतरच्या मोठ्या अडथळ्यात हृदयाचे नुकसान पुष्कळच कमी होते. जणू हृदय सावध होते! दंडाला पट्टा बांधून-सोडून हाच फायदा मिळवावा, असे पुढे अनेकांना वाटले. पण हृदयविकाराच्या झटक्याच्या हजारो रुग्णांवर तो उपाय करून पाहिल्यावर 2019 मध्ये निष्कर्ष आला की फायदा नाही.

त्याच 1986 साली इटलीतील सुमारे 11,700 रुग्णांवरील पाहणी प्रसिद्ध झाली. गुठळी विरघळविणारे स्ट्रेप्टोकायनेज दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या तासात मिळाले, तर मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. सहा तासांनंतर दिल्यास फायदा फारसा उरला नाही. पालकहो, हे तास आपण रुग्णालयाचे दार गाठल्यापासून मोजले जात नाहीत. छातीत कळ आली, घाम सुटला, तरी "वायू धरला असेल" म्हणून ओवा-सोडा देऊन सकाळपर्यंत वाट पाहणारी घरे आपल्या गावांत कमी नाहीत. नाट्याहून राजापूर काय नि रत्नागिरी काय, वाटेतला वेळ त्याच हिशेबात धरावा लागतो. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक महाराष्ट्रात 2014 पासून सुरू आहे.